पॉइंट टू-टू संपली, असं माझ्या पुतणीला सांगणाऱ्यांना

परवा रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, पॉइंट टू-टू आता संपली म्हणतात. मग पोरीचे पैसे त्यात कशाला घालायचे?" पॉइंट टू-टू म्हणजे .२२ इंची छोटं काडतूस, ५० मीटर रायफलीत वापरतात ते. पुतणी १६ वर्षांची. तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारते आहे आणि दिवाळीनंतर ती ५० मीटरला, थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) उतरणार हे घरात कधीच ठरलं होतं. ते मोडायला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फॉरवर्ड पुरला.

तो फॉरवर्ड मी दोनदा वाचला. 'रायफलच्या काडतुसांचं भविष्य' असं नाव आहे, खाली लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. म्हणणं थोडक्यात असं: पॉइंट टू-टू पाच वर्षांत इतिहासजमा होणार आणि ऑलिंपिकसुद्धा ६.५ क्रीडमोर या लांब पल्ल्याच्या मोठ्या काडतुसावर जाणार. क्रीडमोरची गोळी लेझरसारखी सरळ जाते, वारा तिला लागत नाही, त्यामुळे हजार मीटरवरची शिकार आता कुणालाही जमेल. पोलादी पुंगळीची (पुंगळी म्हणजे दारू भरतात ते नळकांडं) जास्त दाबाची नवी काडतुसं येताहेत आणि जुन्या रायफलीची नळी बदलून तीही वापरता येतील. शिशाच्या गोळीवर जगभर बंदी आली आहे. आणि शेवटी, पितळी पुंगळीच राहणार नाही, सगळं विजेवर चालेल. खाली बंदुकीची चित्रं आणि 'पुढे पाठवा'.

मी स्वतः बारा वर्षं प्रोन, म्हणजे झोपून नेम, मारलं आहे आणि आता आठवड्यातून तीन दिवस रेंजवर पोरांच्या मागे उभा असतो. म्हणून हे सोडून देता येत नाही.

पहिला मुद्दा आधी संपवतो, कारण त्यानंच घरात गोंधळ घातला. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं, म्हणजे आयएसएसएफचं, नियमपुस्तक कुणालाही वाचता येतं. ५० मीटर रायफलसाठी त्यात एकच काडतूस लिहिलंय: ५.६ मिलिमीटर, रिमफायर (पुंगळीच्या कडेवर ठोका बसून बार उडतो ते), लाँग रायफल. म्हणजे आपली पॉइंट टू-टू. गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी, हेही तिथेच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला, दोघांची ५० मीटर थ्री पोझिशन आहे. मोठ्या काडतुसाची ३०० मीटरची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये होती, ती १९७२ नंतर बंद झाली. म्हणजे फॉरवर्ड ज्या दिशेला बोट दाखवतोय, त्याच्या बरोबर उलट दिशेला ऑलिंपिक पन्नास वर्षांपूर्वीच गेलं.

आणि हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागावं? १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घेतलं ते याच काडतुसावर. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, अंतिम फेरीत ४५१.४. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेती झाली तीही याच काडतुसावर. ज्या गावात या दोघांची पोस्टर लागली, त्या गावात हा फॉरवर्ड फिरतो आणि लोक मान हलवतात, याचा मला खरा राग येतो.

पॉइंट टू-टू लाँग रायफल १८८७ ची आहे, म्हणून ती 'जुनाट' असं त्यात लिहिलंय. पण ती टिकली ती कामाची आहे म्हणून. सामन्याची चांगली गोळी साधारण सेकंदाला ३३० मीटरच्या आत ठेवतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली. कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी हेलकावते आणि ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा एका जागी पडणारा पुंजका, फुटतं. हा मंदपणा जाणूनबुजून राखलेला आहे. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. तिथे वेग वाढवून काही हाती लागत नाही, एकसारखेपणा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण दोन वेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या, गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळं ग्रुपिंग देतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन लॉट तपासायला जातात आणि जमलेल्या लॉटचे खोके एकदम उचलतात. या खेळातली खरी प्रगती आज तिथे चालली आहे.

आता लेझरचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त सलतो तो हाच, कारण इथे प्रश्न फक्त पैशांचा नाही.

क्रीडमोरबद्दल एक गोष्ट आधीच मान्य करतो, नाहीतर मलाच कुणी आंधळा म्हणेल. काडतूस उत्तम आहे. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीनं आणलं. पुंगळी मुद्दाम आखूड ठेवली, म्हणजे लांब, सडपातळ, वारा कमी खाणारी गोळी बसवूनही काडतूस मॅगझिनमध्ये मावतं. नळीतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) जवळजवळ, ८ इंचांत एक फेरा, म्हणजे ती लांब गोळी स्थिर फिरते. धक्का .३०८ या जुन्या काडतुसापेक्षा कमी, आणि कारखान्यातून आलेलं सामन्याच्या दर्जाचं काडतूस दुकानात मिळतं. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा चेहरा यानं बदलला, हे खरं आहे. त्यामागोमाग आलेली ६.५ पीआरसी, ७ मिलिमीटर पीआरसी ही काडतुसंही त्याच विचारातून आली. लांब गोळी, जवळचे आटे, बेताची पुंगळी ही दिशा खरी आहे आणि ती पुढेही राहील. पण ६.५ मिलिमीटर हा शोध २००७ चा नाही. त्याच व्यासाची गोळी मारणारं ६.५×५५ हे स्वीडिश काडतूस १८९४ पासून चालू आहे. आणि क्रीडमोर हे नाव आलं ते न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ मध्ये उघडलेल्या एका रेंजवरून. हे काडतूस कागदी लक्ष्यासाठी जन्मलं.

'लेझर' म्हणणाऱ्यानं हे आकडे समोर ठेवावेत. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) गोळी नळीतून साधारण सेकंदाला ८२० मीटरनं निघते. १०० मीटरवर साइट जुळवलेली असेल, तर हजार मीटरवर ती आठ मीटरांहून जास्त खाली पडते. अडीच-तीन मजल्यांची उंची झाली ही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलत राहतील एवढाच, तिला दीड मीटरांहून जास्त बाजूला नेतो. अंतराचा अंदाज २५ मीटरनं चुकला, तर गोळी अर्ध्या मीटरच्या आसपास वर किंवा खाली जाते. आणि पोचायला तिला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो.

आता दुसऱ्या टोकाला हरीण आहे. त्याच्या छातीतला जो भाग लागला तर ते लवकर मरतं, तो वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. ट्रिगर ओढला तेव्हा ते चरत उभं होतं. दीड सेकंदात त्यानं दोन पावलं टाकली. गोळी पोटात लागते, किंवा मागच्या पायात. एवढ्या लांबवर गोळीचा वेग इतका उतरलेला असतो की शिकारीच्या बहुतेक गोळ्या फुलण्यासाठी जो वेग मागतात, त्याच्याही खाली. मग ती आरपार बारीक भोक पाडून जाते आणि जनावर रानात दिवसभर तडफडतं. हजार मीटरवरून माग काढायला कोण जाणार? शिकारी जिथे कायद्यानं शिकार करतात तिथले जाणते लोक म्हणूनच दोनशे, फार तर तीनशे मीटरच्या पलीकडे हात आवरतात आणि आणखी जवळ जाता येतं का ते आधी बघतात. 'कुणालाही जमेल' हे वाक्य लिहिणाऱ्यानं एकदा जखमी जनावराच्या मागे चालून बघावं.

आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. मराठीत लिहिलेल्या फॉरवर्डमध्ये हजार मीटरवरच्या शिकारीचं आमिष कुणाला दाखवलं जातंय, याचा विचार गावातल्या शहाण्या माणसांनी करावा.

जास्त दाबाचं काय? यात अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माणूस मारेल असं आहे. १९०६ च्या .३०-०६ ला कमाल दाब ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) ठरवलेला आहे, .३०८ आणि ६.५ क्रीडमोरला ६२,०००. अमेरिकी लष्करानं २०२२ मध्ये निवडलेल्या नव्या रायफलीचं काडतूस ८०,००० वर जातं. त्याचं नागरी रूप .२७७ फ्युरी, तळ पोलादाचा आणि वरचं अंग पितळेचं. फेडरल कंपनीनं २०२५ मध्ये शिकारीसाठी ७ मिलिमीटर बॅककंट्री आणलं, त्याची तर अख्खी पुंगळीच पोलादी मिश्रधातूची. आखूड नळीतून लांब नळीचा वेग मिळावा हा त्यामागचा हेतू आहे. ही काडतुसं आली आहेत, हे मी नाकारत नाही.

पण त्यांच्यासाठी रायफलही त्याच दाबाची बनवलेली असते. बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) कडी, काडतूस बसतं ते चेंबर, पोलाद, सगळं. आजोबांच्या परवान्यावरच्या जुन्या .३१५ रायफलीला नुसती नळी बदलून असलं काडतूस घातलं, तर मागून बोल्ट चेहऱ्यावर येऊ शकतो. शिवाय परवान्याशिवाय हत्यारात असे फेरफार करणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. ही एक ओळ वाचून एखादा पोरगा लोहाराकडे गेला, तर जबाबदार कोण?

शिशाचा मुद्दाही असाच ताणलेला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कारण मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन काँडर गिधाडं मरत होती. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. दोन्ही निर्णय मला पटतात. गिधाडं संपली की काय होतं ते आपण भारतात बघितलं आहे, आपल्याकडे कारण वेगळं होतं, गुरांना द्यायचे त्या डायक्लोफिनॅकचं. पण हे 'जगभर' नाही, आणि ५० मीटरच्या लक्ष्यावर तर नाहीच. नियमपुस्तकातलं 'शिसं किंवा तशीच मऊ धातू' हे वर सांगितलंच. पुढे कधी हे बदललं तरी सोपं जाणार नाही. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि पॉइंट टू-टूच्या १६ इंचांत एक फेऱ्याच्या आट्यांना ती नीट फिरवता येत नाही. विंचेस्टरनं शिसं नसलेल्या गोळीसाठी .२१ शार्प हे वेगळं काडतूस काढलं, पुंगळी लाँग रायफलचीच, गोळी किंचित बारीक. लक्ष ठेवण्यासारखी घडामोड ही आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तिचाच पत्ता नाही.

विजेचं आणि बिनपुंगळीचं थोडक्यात. दोन्ही होऊन गेलंय. ऑस्ट्रियाच्या फोएरे कंपनीनं १९९१ च्या सुमारास बिनपुंगळीची, विजेनं पेटणारी रायफल विकायला काढली. रेमिंग्टननं २००० मध्ये विजेवरची एट्रॉनएक्स आणली आणि काही वर्षांत बंद केली. पितळी पुंगळी बाहेर पडताना चेंबरमधली उष्णता सोबत नेते आणि बार उडताना मागची बाजू घट्ट बंद करते. ही दोन कामं तितक्या स्वस्तात दुसरं कुणी करत नाही.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की रायफल क्लबची आहे, ती घ्यायची घाई नाही, पैसे जाकिटाला आणि गोळ्यांना ठेव. तो म्हणाला, "मग ग्रुपवर काय लिहू?" म्हटलं, हे लिहून देतो, ते टाक. आणि रविवारी सकाळी सातला तिला रेंजवर घेऊन ये, वारा सुटायच्या आत तीन लॉट तपासून घ्यायचे आहेत.