वेताळाचा लॉट बदलला

वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, जुन्या कॉमिक अंकातलं एक सुटलेलं पान स्कॅन करून रंगीत प्रिंट काढायची, एवढंच काम. नवी पेठेतल्या दुकानातल्या पोरानं न विचारता 'ऑटो करेक्शन' दाबलं आणि जांभळा वेताळ निळा करून हातात ठेवला. वर म्हणाला, "काका, पान लई पिवळं पडलं होतं, क्लीन केलं की." क्लीनचे वीस रुपये वेगळे!

पिवळेपणा काढायचा म्हणजे यंत्र पानभर निळं चढवतं. कागद पांढरा होतो आणि जांभळ्यातला लाल मागे पडतो. जुनं पान स्कॅन करताना ऑटो बंद ठेवायचं, ६०० डीपीआय घ्यायचं, पानामागे काळा कागद धरायचा, नाहीतर मागच्या बाजूची चित्रं झिरपतात. 'डीस्क्रीन' चालू हवं. नाहीतर छपाईच्या ठिपक्यांवर स्कॅनरचे ठिपके बसून चौकटीभर लाटा उठतात. मी हे सांगत होतो तेव्हा तो कुणाच्या तरी सातबाऱ्याला लॅमिनेशन करत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा बघू."

निवृत्त डाईंग मास्तर. सोलापुरात कुठल्याही रांगेत एक माणूस चादरीतला नाहीतर टॉवेलातला निघतोच. मास्तर दोन्ही पानं घेऊन थेट रस्त्यावर गेले. मी मागोमाग. "ट्यूबलाईटखाली शेड बघायची नसते. आत जुळते, उन्हात फाटते." दोन्ही पानं उलटी धरून, एक डोळा मिटून त्यांनी निकाल दिला, "लॉट बदललाय." म्हणजे रंग मूळ मालाशी जुळत नाही.

"तेच म्हणतोय मी."

"ओरिजिनल शेड नंबर काय?"

आता आली पंचाईत. वेताळाचा जनक ली फॉक याच्या डोक्यात वेताळाचा वेश करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी निघाली आणि तो छापला गेला जांभळा. पुढे इटलीत लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. परदेशी छापखान्यांना बहुतेक काळ्या रेषांचीच चित्रं मिळायची; रंग ज्याचा त्यानं भरायचा.

"तीन पार्ट्यांना तीन शेड? आणि माल परत नाही आला?"

"नाही. उलट लोक त्याच रंगावर जीव टाकतात."

"शेड कार्ड, रंगाचा नमुना, न पाठवता प्रॉडक्शन घेतलं!" मास्तरांना मनापासून वाईट वाटलं.

मग मी कॉमिक्समधल्या हल्कचा विषय काढला. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. छपाईत पानागणिक करड्याची छटा बदलत गेली, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. इथे मास्तर खुलले. "ग्रे सगळ्यात वाईट. लाल जरा वाढला की तपकिरी, जरा पडला की हिरवट." अगदी बरोबर! तेव्हा अमेरिकी कॉमिक्सचे रंग लाल, पिवळा, निळा या तीनच शायांतून बनत. प्रत्येकीच्या चार पायऱ्या, शून्य, २५, ५० आणि १०० टक्के. एकूण ६४ छटा. काळी शाई मुख्यतः रेषांना. म्हणजे करडा तिघींच्या संगनमतावर उभा, आणि एक जरी शाई हलली की गेला.

"म्हणजे शेड जमेना, तर रिजेक्टलाच नवीन नंबर देऊन खपवला," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं माल पास करणाऱ्या माणसाचा आदर त्यांच्या चेहऱ्यावर होता.

खरा राग मला पोराचा नाही. मोठे प्रकाशकही हेच करतात, फक्त जाड पुठ्ठ्यात. जुन्या कॉमिक्सचे रंग शाई पिणाऱ्या, मळकट न्यूजप्रिंटसाठी निवडलेले असतात. शाई पसरून भडकपणा मरेल हे धरूनच. तेच टक्के चकचकीत आर्ट पेपरवर छापले की पिवळा डोळ्यात बोट घालतो. 'द किलिंग जोक' या बॅटमनच्या कॉमिकचं बघा. १९८८ मध्ये जॉन हिगिन्सनं त्याला दिलेले जांभळे-नारिंगी रंग २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडनं स्वतःच पुसून थंड, करडे केले. त्याचं चित्र, त्याचा हक्क, कबूल. पण तेव्हा ज्याला जुनी रंगसंगती हवी होती त्यानं रद्दीवाल्याकडे जायचं? दोन्ही छापा, किंमत लावा, घेणारा घेईल. हे कुणाला सांगायचं?

मास्तरांना मात्र अजून एक परीक्षा घ्यायची होती. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि नव्या प्रिंटवरच्या वेताळाच्या पोटावर खस्सकन घासला. इंकजेटची शाई, कागद साधा. वेताळाचं अर्धं पोट अंगठ्यावर आलं.

"कच्चा रंग," मास्तर दुकानात ओरडले. "धुलाईला टिकणार नाही!"

पोरानं मान वर न करता सांगितलं, "हात लावलेला माल रिटर्न नाही. दुसरी काढतो की, चाळीस होतील."

"त्यात क्लीनिंग नको," मी म्हणालो.

"ते मशीनमधून आपोआप होतंय काका. कमी नाही होणार."