होल्यांचा पिंजरा घेण्यापूर्वी

आमच्या घरी रिंगनेक डव्ह जातीच्या पाळीव होल्यांची जोडी गेली सहा वर्षे आहे, त्यामुळे ओळखीचे कोणी ना कोणी अधूनमधून एखाद्या पिंजऱ्याचा फोटो पाठवून "हा चालेल का?" असे विचारत असते. फोटो वेगवेगळे असले तरी पिंजरा बहुधा एकच असतो: उंच, गोल, वर घुमट आणि टांगायला कडी. माझे उत्तर दर वेळी नकाराचेच असते, म्हणून त्याची कारणे आज सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे पिंजरा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो पोपटाचा. पोपट चोचीने तारा धरून वर चढतो, लोंबकळतो, त्यामुळे उंचीचा त्याला थोडाफार तरी उपयोग होतो. होल्याला तारांवरून चढता येत नाही. तो जमिनीवर चालत दाणे टिपतो आणि एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर आडवा उडतो. मात्र दचकला की तो सरळ वर झेपावतो, आणि घुमटाच्या पिंजऱ्यात त्याचे डोके नेमके तारा एकत्र येतात तिथे आपटते. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पेठेतल्या एका दुकानदाराने "उंच आहे, उडायला भरपूर जागा" असे सांगून असलाच पिंजरा माझ्या गळ्यात मारला होता. पहिल्याच दिवाळीत रात्री खाली फटाक्यांची माळ लागली आणि नराच्या डोक्याची कातडी फाटली. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी उपचार केले, तो वाचला, पण त्या जागी पिसे उगवायला बरेच आठवडे लागले.

त्यानंतर मी फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ फूट लांब, २ फूट खोल आणि अडीच फूट उंच असा पिंजरा करून घेतला, आणि छताला आतून जुन्या सुती चादरीची दुहेरी घडी ताणून बांधली. दांड्या दोनच, दोन टोकांना, म्हणजे मधली जागा उडायला मोकळी राहते. त्यांपैकी एक दांडी म्हणजे खरे तर चपटी फळी आहे, आणि दोघांचा मुक्काम बहुतेक वेळ तिच्यावरच असतो. तळाला जाळी ठेवू नये, कारण दिवसभर तारांवर चालून पाय दुखावतात. सपाट ट्रेवर वर्तमानपत्र अंथरून ते रोज बदलणे पुरेसे होते. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी, म्हणजे उंदीर आत शिरत नाहीत. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताची पांढरट भुकटी असते आणि जस्त पक्ष्यांना विषारी असते, म्हणून जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. रात्री जवळ झिरोचा बल्ब चालू ठेवावा. विसर्जनाच्या दिवसांत ढोल-ताशा रस्त्यावर असताना आम्ही पिंजरा आतल्या खोलीत हलवतो.

पिंजरा कुठे ठेवायचा, याचा विचार मात्र फारच थोडे लोक करतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तो सहसा ड्राय बाल्कनीत जातो, कारण तिथे घाण झाली तरी चालते. पण ती स्वयंपाकघराला लागून असते, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. उघड्या गॅलरीत बोके, कावळे आणि शिक्रा यांचा धोका असतो, एप्रिल-मे महिन्यांतले ऊन तर आहेच. आमचा पिंजरा हॉलमध्ये खिडकीशेजारी आहे. काचेतून आलेल्या उन्हातले उपयुक्त किरण काचेतच अडतात, म्हणून सकाळी खिडकी उघडून थोडा वेळ थेट ऊन मिळू देतो. पिंजऱ्याचा निम्मा भाग तेव्हाही सावलीत असतो. होल्यांच्या अंगावरून बारीक पांढरी पूड झडते, त्यामुळे घरात दम्याचा रुग्ण असेल तर पक्षी आणण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

गॅलरीतल्या कुंडीत चार काड्या टाकून घरटे करणारा ठिपकेदार होला किंवा छोटा तपकिरी होला पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. "पिल्लू सापडले, म्हणून पाळले" ही सबब तिथे चालत नाही. पाळीव पक्ष्यालाही पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात कोंडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, हे घुमटवाले पिंजरे विकणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

शेवटचा मुद्दा वाढत्या संसाराचा. घरट्यासाठी बुरूड आळीतली छोटी, उथळ टोपली उत्तम. होल्यांचे स्वतःचे बांधकाम इतके विरळ असते की अंडी खालून दिसतात. मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि वर्षभरात असे अनेक वेळा होऊ शकते. ५ फुटांचा पिंजरा दोघांसाठी आहे, सहांसाठी नाही. अंडी नुसती काढून घेतली तर मादी लवकरच पुन्हा घालते आणि तिच्या अंगातले कॅल्शियम कमी होत जाते. म्हणून आम्ही त्याच आकाराची प्लास्टिकची अंडी टोपलीत ठेवतो. दोघे दोन-तीन आठवडे ती आळीपाळीने उबवतात आणि मग आपणहून सोडून देतात.