पंडितजींची पाच मिनिटं

दिवाळी पहाट रसिकांसाठी असते, आमच्यासारख्या नवशिक्या पत्रकारांसाठी ती नुसतीच पहाट. आदल्या रात्री संपादकांचा फोन, म्हणे मोठं नाव आहे, मैफिलीआधी पाच मिनिटं मिळतील, दोन चांगले कोट्स घेऊन ये. हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पंडितजींना तरी कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आयोजकांपैकी एका काकांनी मला ग्रीनरूममध्ये ढकललं आणि ते अत्तराचा फाया देऊन गायब झाले. आत सतरंजीवर पंडितजी, दोन शिष्य, मिरजेचे दोन भलेमोठे तानपुरे, आणि कोपऱ्यात हातोडीने तबला ठोकणारे तबलजी. माझा घसा कोरडा. गायचं त्यांना होतं, घसा माझा बसला होता! नाव सांगून वाकून नमस्कार केला, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि रात्रभर पाठ केलेला प्रश्न एका दमात सोडला, "पंडितजी, गाण्याची आवड कधी लागली?"

पंडितजींचा कान तानपुऱ्याला. खुंटी पिळत म्हणाले, "अजून लागत नाहीये."

मी पटकन लिहून घेतलं. तेवढ्यात ते शिष्याला म्हणाले, "जोडीची तार उतरलीये, मणी सरकव जरा. स्टेजवर लाइटखाली परत उतरणार ती." मग माझ्या लक्षात आलं की आपण अजून मुलाखतीत आलोच नाही आहोत.

तरी हिंमत करून विचारलं, आज काय ऐकवणार? कुणी काही बोललंच नाही, शिष्याने फक्त माझ्याकडे बघितलं, म्हणजे पुण्यात रस्ता विचारल्यावर बघतात तसं, आणि हळूच म्हणाला, "पहिली तार मध्यमाला लावलीय की." मी मान डोलावली. मग माझी दया येऊन त्यानेच सांगितलं की एरवी तिथे पंचम असतो, पण ललत रागात पंचम हा स्वरच नाही, म्हणून मध्यम. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मगासपासून खोलीभर वाजत होतं आणि मी वहीत 'राग?' लिहून बसलेलो.

एवढ्यात गडबड उडाली. जवारीचा दोरा तुटला. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली हा एवढासा सुती दोरा असतो, तो नेमक्या जागी बसला तरच तार गुंजते, नाहीतर नुसती टणटण. दोऱ्याचं रीळ गाडीत, गाडी पार्किंगच्या पार टोकाला, आणि बाहेर निवेदिकाबाई "तिमिरातून तेजाकडे" पर्यंत पोचलेल्या. पंडितजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. माझ्याकडे म्हणजे कुडत्याकडे. "सुती आहे का हो हे?"

नवाकोरा होता, आईने घेतलेला. हो म्हणेपर्यंत शिष्याने खालच्या शिवणीतून दोरा ओढला, तो निघतच गेला निघतच गेला, चांगला वीतभर निघाला. दोरा सरकवून बसवला, तार छेडली आणि खरंच सांगतो, अंगावर काटा आला. पंडितजी म्हणाले "वा!" मला नव्हे, तारेला. आणि उठून स्टेजवर गेले.

ललत अफाट झाला हे वेगळं सांगायला नको. संपादकांना रेकॉर्डिंग पाठवलं, ते ऐकून खूश. हेडिंग आलं, "'अजून लागत नाहीये': पंडितजींची विनम्र कबुली", खाली माझं नाव. दिवसभर लोकांचे फोन, काय तो साधेपणा, एवढा मोठा माणूस आणि जमिनीवर पाय. आईने कात्रण सगळ्या ग्रुपवर टाकलं आणि मग मला विचारलं, कुडत्याची शिवण कुठे घालवलीस.