समुद्राचा आवाज कुठंय?

गेल्या महिन्यात आईला घेऊन समुद्रकिनाऱ्यावरच्या एका पंचतारांकित हॉटेलात तीन रात्री राहून आले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचं फिरणं जवळजवळ थांबलंय. "अंथरुणात पडल्या पडल्या समुद्र दिसेल अशा ठिकाणी मला एकदा ने गं," असं ती दोन वर्षं म्हणत होती. मी वर्षभर पैसे बाजूला टाकले आणि हॉटेलातली सगळ्यात वरच्या दर्जाची, सातव्या मजल्यावरची समुद्रासमोरची खोली घेतली. हॉटेलचं नाव लिहीत नाही. मला जे खटकलं ते त्या एका इमारतीपुरतं आहे असं वाटत नाही, आणि तिथली माणसं फार चांगली होती. त्यांच्यावर काही येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. खोलीचं दार उघडलं आणि समोर छतापासून जमिनीपर्यंत काच, काचेपलीकडे समुद्र. माझा ऊर भरून आला. आई काठी टेकत काचेपर्यंत गेली, बराच वेळ उभी राहिली आणि मग मागं वळून म्हणाली, "अगं, समुद्राचा आवाज कुठंय?"

खरंच नव्हता. लाटा फुटताना दिसत होत्या, फेस दिसत होता, पण खोलीत ऐकू येत होता तो फक्त एसीचा बारीक घुमारा. दोन पदरी काच होती, आवाज आत येऊ नये म्हणूनच बसवलेली. गॅलरीचं दार सरकवलं आणि समुद्र एकदम आत आला. गाज, वारा, खारट वास, सगळं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मिनिटभरात एसी बंद पडला.

मी फोन केला. पलीकडच्या मुलीनं अदबीनं सांगितलं, "मॅडम, दाराला सेन्सर आहे. दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद होतो. शक्यतो दार बंदच ठेवा, दमट हवेनं खोली खराब होते." वीज वाया जाऊ नये म्हणून अशी सोय असते, हे मला पटतं. पण मग खोली घेताना हे कुणी का सांगत नाही? 'समुद्राच्या कुशीत' असं लिहिलेलं वाचून मी पैसे भरले होते. ती कूस काचेआड असणार आहे, हे त्या पानावर कुठंच नव्हतं.

दुसरी गोष्ट लगेचच लक्षात आली. जाहिरातीतल्या फोटोत पायऱ्यांना लागून निळंशार पाणी होतं. आम्ही बघितलं तेव्हा पाणी लांब गेलेलं, मध्ये काळे खडक आणि शेवाळ. आई जरा हिरमुसली. खरं तर त्यात काहीच चुकीचं नव्हतं. ओहोटी होती. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते, म्हणजे उधाणाचे. पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. फोटो भरतीला काढलेले असतात आणि आपण पोचतो ओहोटीला. ते उघडे पडलेले खडक मला नंतर फार आवडले, पण त्या संध्याकाळी फसवल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

मी खाली जाऊन स्वागतकक्षात विचारलं, "उद्या ओहोटी किती वाजता आहे?" तिथला मुलगा गोंधळला. शोधून सांगतो म्हणाला, प्रामाणिकपणे शोधलंही, पण त्याला कुठं बघायचं ते माहीत नव्हतं. खोलीत ठेवलेल्या सुंदर छापील पुस्तिकेत न्याहारीच्या, मसाजच्या, जिमच्या, तरणतलावाच्या सगळ्या वेळा होत्या. समुद्राची एकही वेळ नव्हती. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. ज्या समुद्रासाठी माणसं इथवर येतात, त्याच्याबद्दल त्या इमारतीत कुणालाच काही ठाऊक असू नये?

आता चांगलं काय होतं, तेही मनापासून सांगते. पलंग अप्रतिम होता. आईची पाठ कित्येक महिन्यांनी दुखली नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या होत्या, बसून अंघोळ करायची सोय होती, जमीन घसरडी नव्हती. हे कुणीतरी विचार करून केलेलं आहे हे जाणवत होतं. खोली आवरायला येणारी बाई पहिल्याच दिवशी आईला 'आजी' म्हणू लागली. काठी उशाशी नेमकी हात पोचेल अशी ठेवून जायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराचं कुलूप चालेना. कार्ड लावलं तरी दिवा लागत नव्हता. दुरुस्तीला आलेल्या माणसानं कुलूप उघडून मला दाखवलं. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. "मॅडम, आमचं अर्धं काम समुद्राशी भांडायचं," तो म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते मी ऐकतच राहिले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की बारीक तुषार उडतात, वाऱ्याबरोबर येतात, पाणी उडून जातं आणि मीठ कठड्यावर, बिजागरीवर, एसीच्या जाळीवर बसून राहतं. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसतानाही धातूवर कायम एक ओला, खारट पापुद्रा असतो. साधं स्टेनलेस स्टीलसुद्धा इथं डागाळतं. म्हणून कठड्यांना मॉलिब्डेनम घातलेलं, ३१६ क्रमांकाचं महाग स्टील वापरावं लागतं, आणि तेही गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं. एसीच्या बाहेरच्या यंत्रांचंही तेच. गॅलरीच्या कोपऱ्यातल्या एका स्क्रूखाली गंजाचा तांबडा ओघळ होता. आदल्या दिवशी मी तो बघून 'एवढ्या महागड्या हॉटेलात ही अवस्था' असं मनात म्हटलं होतं. त्या माणसाशी बोलल्यावर तो ओघळ मला वेगळाच दिसायला लागला. ही इमारत उभी ठेवायला रोज पहाटेपासून कितीतरी हात मीठ धुवत असतात.

त्यामुळे दार बंद ठेवा म्हणण्यामागचं कारण मला कळलं. तरीही माझं म्हणणं बदललं नाही. समुद्राला बाहेर ठेवणं ही हॉटेलची गरज असेल, पण पाहुण्याला समुद्रापासून तोडणं ही गरज नाही. इंग्लंडमधल्या स्कारबरोचं ग्रँड हॉटेल १८६७ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या न्हाणीघरांत नेहमीच्या नळांसोबत समुद्राच्या पाण्याचे वेगळे नळ होते असं सांगतात. त्या काळी समुद्रस्नान औषधी मानलं जायचं. ती औषधाची कल्पना आज मागं पडली, पण समुद्र पाहुण्यापर्यंत पोचवायचा हा विचार तरी त्यात होता. आता पाहुणा समुद्राकडे पाठ करून निळ्या फरशीच्या तलावात पडून राहतो आणि समुद्र मागच्या पडद्यासारखा असतो. तलाव मीही वापरला, छान होता. पण आईला तलाव बघायचा नव्हता.

खोली निवडणाऱ्यांसाठी एक सांगते. 'सी फेसिंग', 'सी व्ह्यू' आणि 'पार्शल सी व्ह्यू' हे शब्द सगळीकडे एकाच अर्थानं वापरत नाहीत. समोर समुद्र, तिरका समुद्र, गॅलरीतून वाकून दिसणारा समुद्र, यांतलं नेमकं काय मिळणार ते फोन करून विचारा. दार उघडतं का, उघडलं तर एसीचं काय होतं, हेही विचारा. आणि मजल्याचा विचार करा. वाळूवर उभं राहिलं की क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. सातव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण २५ मीटर उंचीवरून, ते १८ किलोमीटरवर जातं. वरच्या मजल्याचे जास्त पैसे घेतात ते या पसाऱ्याचे. पण पसारा वाढला की जवळीक कमी होते. लाटेचा एकेक आवाज वेगळा ऐकू यायला हवा असेल तर दुसरा-तिसरा मजला बरा. मी सातवा घेतला, चूक झाली.

रात्रीचं दुःख वेगळंच. पौर्णिमेचा चंद्र समुद्रावर बघायचा म्हणून आई जागी राहिली होती. पण हॉटेलचे मोठे दिवे रात्रभर थेट वाळूवर रोखलेले. पाण्यावर पसरलेला पिवळा उजेड, त्यापुढं काळोख, आणि चांदणं कुठंच नाही. असे दिवे फक्त आपलीच रात्र बिघडवत नाहीत. समुद्री कासवांची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की जिकडं जास्त उजेड तिकडं चालत जातात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड पाण्याच्या बाजूला असतो, म्हणून ती समुद्रात पोचतात. दिवे लावले की ती जमिनीकडे वळतात आणि मरतात. दिवे खाली वळवणं, झाकणं, मध्यरात्रीनंतर बंद करणं, यांतलं काहीच अवघड नाही. मी हे व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी सुरक्षेचं कारण दिलं. ते कारण वाटेवरच्या दिव्यांना लागू आहे, लाटांवर सोडलेल्या झोताला नाही, असं मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

आणि सगळ्यात मोठी अडचण, वाळूपर्यंत जायचं कसं? बागेतून मसाजच्या इमारतीपर्यंत बॅटरीवरची गाडी होती. किनाऱ्यावर उतरायला चौदा पायऱ्या, शेवटच्या पाचांना कठडा नाही, उतरंड नाही. वाळूवर चालणाऱ्या, जाड फुगीर चाकांच्या खुर्च्या मिळतात. इथं तशी एकही नव्हती. आई वरच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "राहू दे. इथून दिसतंय की." ती जे म्हणते आणि तिला जे वाटतं, त्यातला फरक मला कळतो.

वाट दाखवली ती किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शिट्टी वाजवून मुलांना एका जागेपासून लांब करत होता. मला वाटलं, तिथं तर लाटाच नाहीत, पाणी शांत आहे. तो म्हणाला, "म्हणूनच. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच शांत पट्टा दिसतोय ना, तिथून पाणी जोरात आत परत जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झटायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं." पोहणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहितेय. मग त्याला आईचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "आजींना ओहोटीला आणा. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, काठी रुतत नाही. आज पहाटे पाच पस्तीसला होती, उद्या सहा पंचवीसच्या सुमाराला. रोज पन्नास मिनिटं पुढं." अख्ख्या हॉटेलात समुद्राच्या वेळा एकट्या त्याला माहीत होत्या, तोंडपाठ.

तिसऱ्या दिवशी आम्ही पावणेसहाला निघालो. चौदा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. कोरड्या, भुसभुशीत वाळूच्या पट्ट्यात आईनं दोनदा परत फिरूया म्हटलं. आणि मग पायाखालची जमीन बदलली. ओल्या वाळूत दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो कणांना धरून ठेवतो. आईनं काठी टेकून बघितली, परत टेकली. "अगं, ही तर अंगणासारखी आहे!" ती चालायला लागली. पुढं ती, मागं मी. पश्चिमेला चंद्र अजून पाण्यावर होता आणि उजाडल्यामुळे दिव्यांचा जोर संपला होता. घोट्यापर्यंत पाणी आल्यावर ती थांबली. लाट परत जाताना तळव्याखालची वाळू सरकते ना, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलीसारखी हसली. बोललो आम्ही काहीच नाही. बोलायला लागलो असतो तर मी रडले असते.

चौथ्या दिवशी सव्वासातला परत गेलो. त्या वेळी जीवरक्षक होता. एका बाजूनं त्यानं धरलं, एका बाजूनं मी. पायऱ्या सहा मिनिटांत उतरलो.

निघताना अभिप्रायाचा कागद भरून घेतला. स्वागत कसं होतं, उशा कशा होत्या, इंटरनेट कसं होतं, असे बावीस प्रश्न होते. समुद्राबद्दल एकही नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: पुस्तिकेत भरती-ओहोटीच्या वेळा छापा, शेवटच्या पाच पायऱ्यांना कठडा बसवा, रुंद चाकांची एक खुर्ची आणा, वाळूवरचे दिवे बंद करा. खाली त्या आवरायला येणाऱ्या बाईंचं, कुलूपवाल्या माणसाचं आणि जीवरक्षकाचं नाव लिहिलं, ठळक अक्षरांत.

पुन्हा जाणार का, असं घरातले विचारतायत. जाणार. खालच्या मजल्यावर, दार नीट उघडणारी खोली, आणि तारीख ओहोटी बघून ठरवणार. आईनं काल कॅलेंडर काढून पौर्णिमेवर खूण केली आहे, आणि तिच्या पुढच्या दोन दिवसांवरही.