शेरीनाल्याचे पंप काल किती तास चालले?

कृष्णा स्वच्छ करायची म्हटलं की सांगलीत जलपर्णी काढायची मोहीम निघते, घाट झाडले जातात. राबणाऱ्यांबद्दल आदर आहेच. पण नदीचा जीव जातो पाण्यातला ऑक्सिजन संपल्यावर, आणि तो संपवायला आपल्या मोरी-संडासाचं पाणी पुरेसं आहे. हेच पाणी सांगलीचा शेरीनाला कृष्णेत आणतो, आणि ते पंपाने उचलून दुसरीकडे न्यायची योजना आहे.

हिशेब बघा. माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 लाच 5 लाखांवर होती. म्हणजे रोज 5 कोटी लिटरच्या वर सांडपाणी. त्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम असतो. अंघोळीच्या पाण्याला मर्यादा 3 ची. एक लिटर सांडपाणी तिथवर आणायला 65 लिटर तरी अगदी निर्मळ पाणी मिसळावं लागतं. उन्हाळ्यात ते आणायचं कुठून? बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, कोयनेतून सोडलेलं पाणी कमी झालं की नदी नुसती तुंबून राहते. 30 अंशाला पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. त्यात रात्रभर शेवाळही तो ओढतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर काही तासच हातात आहेत असं समजा.

मळीचं पाणी याहून भयंकर. मळीपासून स्पिरिट गाळणाऱ्या आसवनीत मागे उरणाऱ्या सांडपाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, बीओडी 40-50 हजार असतो. 10 हजार लिटरचा एक टँकर रात्री नदीत सोडला, तर 6 कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाण्याएवढी घाण त्यात असते. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो विसरू नका.

आता शेरीनाला. योजना चांगली आहे: नाला अडवायचा, पाणी जाळीतून संपमध्ये, म्हणजे साठवण टाकीत, घ्यायचं, पंपाने धुळगावकडे न्यायचं, तिथल्या तळ्यांत काही दिवस ठेवून, शुद्ध झाल्यावर शेतीला द्यायचं. अशी योजना बिघडते ती रोजच्या कामात. समजा, नाल्याला दिवसाला 1 कोटी लिटर पाणी येतं. तासाला 4 लाखांवर झालं. संप 1 लाखाचा असेल तर वीज गेल्यावर पंधरा मिनिटांत भरला, पुढचं सगळं बांधावरून थेट कृष्णेत. जाळीत केस, चिंध्या, दुधाच्या पिशव्या, सॅनिटरी पॅड अडकतात. जाळी कामगारांच्या दर पाळीला हाताने साफ केली नाही की चिंधी पंपाच्या पंख्याला गुंडाळते. मोटर फिरते, आवाज येतो, मीटरवर युनिट पडतात, पाणी मात्र निम्मंही जात नाही. वाळू वेळेवर काढली नाही तर पंखा झिजतो. तळ्यांतला गाळ काढला नाही तर पाणी तिथे पुरेसे दिवस थांबतच नाही, कच्चंच बाहेर पडतं. पावसाळ्यात शेतकऱ्याला हे पाणी नको असतं. मग ते कुठे जातं, हे विचारायलाच हवं.

उगमाचा प्रश्न तर त्याहून अवघड. भुयारी गटार रस्त्याखालून गेली तरी घराचं कनेक्शन चेंबरला जोडलेलं नसेल तर पाणी उघड्या गटारातूनच नाल्याला येणार. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. आपल्या काळ्या मातीत शोषखड्डा नीट जिरत नाही, म्हणून लोक टाकीचा पाइप सरळ गटारात सोडतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही, जोडणी फुकट किंवा हप्त्याने करून द्यावी लागेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घाट सुशोभीकरणाचा पुढचा पैसा आधी पंपांना दुसरा वीज फीडर, जनरेटर, एक जादा पंप आणि पाळीचे कामगार यांवर घाला. आणि पंपगृहाच्या दारावर रोज फळा लावा: काल पंप किती तास चालले, किती लिटर उचललं, बांधावरून किती वेळ पाणी वाहिलं, पहाटे पाच वाजता नदीत ऑक्सिजन किती होता. तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्याच दिवशी वरून पाणी सोडायची मागणी गेली पाहिजे, मासे तरंगल्यावर नाही.