सगळं टीआरपीवर ढकलू नका

न्यूज चॅनलचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अरे टीआरपीचा खेळ आहे सगळा, लोकांना तमाशा हवा असतो म्हणून ते दाखवतात. मला हे अजिबात पटत नाही.

ऑक्टोबर २०२० ला मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याची केस काढली आणि त्यानंतर बार्कने, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेने, न्यूज चॅनलचे रेटिंग देणंच थांबवलं, ते परत सुरू झालं थेट मार्च २०२२ ला. म्हणजे जवळपास दीड वर्ष कोण नंबर एक हे जाहीरच होत नव्हतं. मग त्या काळात रात्री ९ च्या डिबेट सुधारल्या का हो? तीच आरडाओरड, त्याच आठ चौकटी, जाब विरोधी पक्षालाच. एप्रिल २०२१ मध्ये लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते तेव्हा कितीतरी अँकर म्हणत होते "सिस्टीम फेल झाली". सिस्टीम चालवतं कोण, त्याचं नाव काही तोंडातून निघत नव्हतं. आवाज का वाढतो हे टीआरपीवरून कळेल एकवेळ, पण बोट कायम एकाच बाजूला का जातं ते कसं कळणार?

तबलिगी जमातचंच घ्या. मार्च-एप्रिल २०२० मध्ये या मुस्लिम धर्मप्रचारकांनी दिल्लीतल्या मेळाव्यातून कोरोना पसरवला हेच दिवसरात्र चालू होतं, खाली पट्टीवर "कोरोना जिहाद"सारखे शब्द, शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकलं की हे मोकळे. पुढे २१ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यातल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं दिसतं, मीडियात मोठा अपप्रचार झाला असं निकालात लिहिलं. आपल्या महाराष्ट्रातला निकाल आहे हा! त्या आठवड्यात रात्री काय चालू होतं आठवतंय? सुशांत आणि रिया. ज्यांनी महिनाभर आरोप दाखवले त्यांनी निकालाला एक अख्खी रात्र तरी द्यायला नको होती? आमच्या ओळखीतले कितीतरी लोक आजही ते आरोपच खरे मानतात आणि याचा मला मनापासून राग येतो.

मालक कोण ते बघा. नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं २०१४ ला, एनडीटीव्ही अदानींकडे गेलं डिसेंबर २०२२ ला. ज्यांचे बंदरं, टेलिकॉम, गॅस असे धंदे सरकारी परवानगीवर चालतात त्यांचा चॅनल सरकारला किती टोचणार? वरून सरकारी जाहिराती, त्या राज्य सरकारंही देतात, त्यामुळे हे एकाच पक्षापुरतं नाही.

आणि बाजू घेण्याला माझा विरोध नाहीच. सामना हातात घेणाऱ्याला तो कोणाचा पेपर आहे हे माहीत असतं. तामिळनाडूत जया टीव्ही लावणाऱ्यालाही तो जयललितांच्या गोटातला आहे हे माहीत असतं. वाचणारा, बघणारा तेवढं वजा करून घेतो. इथे मात्र "निष्पक्ष" म्हणून बाजू विकतात आणि आमच्या घरातले म्हातारे ते बातमी समजून बघतात, त्यावरून शेजाऱ्यांबद्दल मत बनवतात.

ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०१४ मध्येच शिफारस केली होती की राजकीय पक्षांना चॅनल चालवू देऊ नका आणि बड्या उद्योगांच्या मालकीवरही बंधनं आणा. कुठल्याच सरकारने तसा कायदा केलेला नाही. तुमचे खासदार कार्यक्रमाला आले की विचारा त्यांना, त्या शिफारशींचं काय झालं, संसदेत प्रश्न कधी टाकताय. मी आमच्या खासदारांना मेल टाकलाय, उत्तर आलं तर इथे टाकेन, नाही आलं तरी टाकेन.