नवे तंत्र चांगलेच आहे, पण ‘कायमचे बरे’ नव्हे

सध्या फिरत असलेला दावा असा आहे : ‘पल्स्ड फील्ड तंत्रामुळे एट्रियल फिब्रिलेशन एकाच अ‍ॅब्लेशनमध्ये कायमचे बरे होते, शेजारच्या अवयवांना धोका उरत नाही आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येते.’ एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, उद्भवणारे अनियमित ठोके. अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून कॅथेटर ही बारीक नळी हृदयात नेऊन तिथल्या ऊतीवर मुद्दाम व्रण उमटवणे, आणि पल्स्ड फील्ड म्हणजे ते उष्णतेऐवजी विजेच्या स्पंदांनी करणे.

यातले पहिले विधान सर्वांत कच्चे आहे. फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांमधून या अनियमित ठोक्यांची सुरुवात होते, हे फ्रान्समधल्या बोर्दो येथील डॉक्टर मिशेल हेसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. तेव्हापासून उपचाराचा गाभा बदललेला नाही : शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचे अखंड कडे उमटवून विद्युतसंकेत अडवायचा. सगळी मेख ‘अखंड’ या शब्दात आहे. भाजलेल्या ऊतीला सूज येते, त्यामुळे टेबलावर संकेत थांबलेला दिसतो. काही आठवड्यांत सूज उतरते आणि कड्यात राहिलेल्या जिवंत फटीतून तो पुन्हा वाहू लागतो. धडधडत्या भिंतीवर कॅथेटरचे टोक किती ग्रॅम जोराने टेकले आहे हे सांगणारे सेन्सर आले ते यासाठीच. पल्स्ड फील्डची उष्णता व गोठवण या जुन्या पद्धतींशी थेट तुलना करणाऱ्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत (२०२३) वर्षभरानंतर यशाचे प्रमाण नव्या तंत्रात ७३.३ आणि जुन्या पद्धतींत ७१.३ टक्के भरले. म्हणजे नव्या तंत्रातही चारांतल्या एकाहून थोड्या अधिक रुग्णांना अपेक्षित यश मिळाले नाही. अधिक भाजल्याने अधिक गुण येतो असेही नाही : चिवट, म्हणजे आपोआप न थांबणाऱ्या, प्रकारच्या आजारात शिरांखेरीज व्रणाच्या जादा रेषा ओढूनही फायदा होत नाही, हे २०१५ च्या स्टार एएफ टू चाचणीत दिसले.

धोक्याबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. विजेचे अतिअल्पकालीन स्पंद पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतात आणि त्यांना हृदयस्नायू लवकर बळी पडतो. कर्णिकेच्या पाठीला चिकटलेली अन्ननलिका बरीचशी वाचते, आणि हा लाभ मुळीच लहान नाही. मात्र कॅथेटरला आजही मांडीच्या शिरेतून जाऊन कर्णिकांमधला पडदा भेदावा लागतो, त्यामुळे हृदयाभोवती रक्त साचणे किंवा पक्षाघात यांची शक्यता, थोडी का होईना, उरतेच. शिवाय हृदयधमनीचे आकुंचन आणि तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर पडणारा ताण, या गोष्टींकडे या तंत्रात खास लक्ष ठेवावे लागते.

गोळीविषयीचे विधान मात्र घातक आहे. या आजारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात येऊ नये म्हणून ती दिली जाते. अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने ती सर्वांनाच घ्यावी लागते. पुढचा निर्णय ठोके नियमित झाले की नाही यावर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून डॉक्टर ठरवतात, कारण या आजाराचे कितीतरी झटके रुग्णाला जाणवतच नाहीत.